वर्षाला ±१० सेकंदांचं क्वार्ट्झ घड्याळ: दावा खरा आहे का, हे घरी कसं तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षाला ±१० सेकंद अशी हमी असलेलं क्वार्ट्झ घड्याळ घेतलं, मोबाइलशी जुळवून लावलं आणि आठ दिवसांनी पाहिलं तर एक सेकंद पुढे. दुकानात नेलं, तिथल्या टेस्टिंग मशीनने दिवसाला +०.०५ सेकंद दाखवले. पहिल्या हिशेबाने वर्षाला ४५ सेकंद होतात, दुसऱ्या हिशेबाने १८. घड्याळ सदोष समजून परत करायचं का?

घाई करू नका. या दोन आकड्यांवरून घड्याळ वाईट आहे असं ठरत नाही, चांगलं आहे असंही ठरत नाही. इथे घड्याळाच्या चुकीपेक्षा मोजण्याची चूक मोठी आहे. माझी बरीच वर्षं वेळ आणि वारंवारतेच्या कॅलिब्रेशनमध्ये गेली आणि घड्याळांचा नादही आहे. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत बऱ्याचदा माझ्याकडे येतो. ज्याच्याशी तुलना केली, ते स्वतः किती बरोबर होतं, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं.

आधी आपण किती लहान गोष्ट मोजतोय ते बघू. वर्षाला १० सेकंद म्हणजे दिवसाला सुमारे २७ मिलिसेकंद. पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग या हिशेबात, म्हणायचं तर एक पीपीएमची चूक वर्षाला साडेएकतीस सेकंद देते, म्हणजे १० सेकंद हे पीपीएमच्या एक तृतीयांशाएवढे झाले. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद इकडेतिकडे चालतं आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. चाव्यांच्या घड्याळांमध्ये तर कॉस्क या स्विस संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्रसुद्धा दिवसाला −४ ते +६ सेकंद चालवून घेतं. तुमच्या घड्याळाला आठ दिवसांत मुभा आहे ती ०.२२ सेकंदाची. तुम्हाला दिसला एक सेकंद. पण सेकंदकाटा एकेक सेकंदाने उडी मारतो आणि मोबाइलवरचा आकडाही एकेक सेकंदाने बदलतो. दोन्हींकडे आळीपाळीने नजर टाकली तर पाव सेकंदाचा फरक सहज एक सेकंदाचा वाटतो. शिवाय पहिल्या दिवशी चावी आत दाबताना फरक नेमका शून्य झाला होता, हेही तुम्ही गृहीतच धरलं आहे. हाताने दाबताना तो एक-दोन दशांश, कधी अर्ध्या सेकंदानेसुद्धा चुकतो.

आता मोबाइलबद्दल. फोनमध्ये ‘ऑटोमॅटिक टाइम’ चालू असलं की वेळ बरोबरच असणार, असं सगळे धरून चालतात. पण बऱ्याच जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये ही वेळ सिमकार्डाच्या नेटवर्ककडून येते, आणि नेटवर्कने पाठवलेली वेळ एखाद-दोन सेकंदांनी, कधी त्याहूनही जास्त चुकलेली असू शकते. घरातले वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे दोन फोन घ्या, दोन्हींवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा आणि शेजारी ठेवा. पुष्कळदा डोळ्यांना दिसेल इतका फरक असतो. टीव्हीवरच्या घड्याळाचं तर नावच नको. डिश, सेट-टॉप बॉक्स आणि डिजिटल प्रक्षेपण यांत सेकंदच्या सेकंद जातात. आकाशवाणीचे ‘पीप’ पूर्वी मीडियम वेव्हवर ऐकून घड्याळ लावणं हा उत्तम मार्ग होता. तेच पीप आज ॲपवर ऐकले तर बरेच सेकंद शिळे असतात.

भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, सीझियमची अणुघड्याळं आणि हायड्रोजन मेसर यांच्यावर राखते. तिथपर्यंत पोहोचायचा घरगुती मार्ग म्हणजे एनटीपी, इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत. लॅपटॉपवर एनपीएलचा किंवा दुसरा चांगला एनटीपी सर्व्हर लावून घेतला, लॅपटॉप तासभर चालू ठेवला आणि घरी ब्रॉडबँड असलं, तर लॅपटॉपची वेळ साधारण १०-२० मिलिसेकंदांच्या आत येते. मोबाइल डेटावर हा भरवसा नाही. तिथे जाणारं आणि येणारं डेटाचं पाकीट सारखा वेळ घेत नाही आणि नेमका तोच फरक चूक म्हणून वेळेत शिरतो. ब्राउझरमध्ये वेळ दाखवणाऱ्या काही साइट स्वतःच ‘इतके मिलिसेकंद कमी-जास्त’ असं लिहितात. ती ओळ वाचत चला.

त्याहून चांगला आणि स्वस्त मार्ग म्हणजे जीपीएसचा छोटा मोड्यूल. निओ-६एम नावाचे बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळतात. यूएसबीवरून पाच व्होल्ट द्यायचे, अँटेना खिडकीत ठेवायचा आणि उपग्रह सापडले की बोर्डावरचा एलईडी दर सेकंदाला लुकलुकू लागतो. बहुतेक बोर्डांवर हा एलईडी थेट मोड्यूलच्या एक-सेकंद पल्सवर असतो आणि त्या पल्सची चूक नॅनोसेकंदांत मोजावी लागते. आपल्या कामासाठी ती शून्यच. पल्स मुळात १०० मिलिसेकंदांची असते. एलईडी १०० मिलिसेकंद पेटत असेल तर पेटण्याचा क्षण म्हणजे सेकंदाची सुरुवात. बोर्डावर जोडणी उलटी असेल तर एलईडी १०० मिलिसेकंद विझतो, आणि विझण्याचा क्षण म्हणजे सुरुवात. जी अवस्था कमी वेळ टिकते तिची सुरुवात धरायची, म्हणजे चूक होत नाही. हा एलईडी सेकंद कितवा आहे ते सांगत नाही, पण ते सांगायला मोबाइल पुरतो.

आता मोजायचं कसं ते. घड्याळ आणि लुकलुकणारा एलईडी फोनच्या कॅमेऱ्यात एकाच चौकटीत येतील असे ठेवा आणि स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, दहा-पंधरा सेकंदांचं चित्रण करा. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा, हातात धरू नका. उजेड भरपूर हवा. शक्यतो दिवसाउजेडी करा, कारण स्वस्त बल्बची धडधड स्लो-मोशनमध्ये फार त्रास देते. मग एकेक फ्रेम पुढे नेणारा कुठलाही व्हिडिओ प्लेअर घ्या आणि दोन गोष्टी मोजा: एका एलईडीच्या सुरुवातीपासून पुढच्या एलईडीच्या सुरुवातीपर्यंत किती फ्रेम, आणि सेकंदकाटा हलायला लागल्यापासून पुढच्या एलईडीच्या सुरुवातीपर्यंत किती फ्रेम. समजा पहिला आकडा २४० आला आणि दुसरा ५१. मग काटा सेकंदाच्या सुरुवातीआधी ५१/२४०, म्हणजे ०.२१ सेकंद उडतोय, घड्याळ तेवढं पुढे आहे. पहिला आकडा २४० न येता २३८ आला तरी बिघडत नाही, भागाकारात २३८ घ्यायचे. फोनच्या फ्रेम-दराची चूक अशी आपोआप निघून जाते. काही फोन खऱ्या २४० फ्रेम घेत नाहीत, मधल्या फ्रेम स्वतःच बनवून भरतात. तेही इथेच पकडलं जातं, कारण काटा उडी मारण्याऐवजी दोन जागी धूसर दिसतो. अशा फोनवर ६० फ्रेमचं साधं चित्रण करा. एका फ्रेमला १७ मिलिसेकंद, तरी पुष्कळ झालं.

काटा ‘हलायला लागतो’ तो क्षण घ्या, थांबतो तो नाही. उडी मारल्यावर काटा थोडा थरथरतो आणि थांबण्याचा क्षण ठरवणं अवघड जातं. काटा खुणेवर बरोबर बसत नसला तरी चालेल. त्याचा चालीशी, म्हणजे घड्याळ किती वेगाने पुढे किंवा मागे पडतं याच्याशी, संबंध नाही, दिसायला खटकतं एवढंच. बुलोव्हाच्या प्रिसिजनिस्टसारखं घड्याळ असेल, ज्यात सेकंदकाटा जवळजवळ अखंड सरकतो, तर एखादी ठळक खूण ओलांडण्याचा क्षण धरा आणि दर वेळी तीच खूण वापरा. डिजिटल घड्याळात आकडा बदलायला एलसीडी स्वतःच वेळ घेते आणि थंडीत जास्त घेते. म्हणून डिजिटलची नोंद नेहमी साधारण सारख्याच तापमानाला करावी.

जीपीएस नको असेल, तर एनटीपीवर लावलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर मिलिसेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, शेजारी मनगटी घड्याळ ठेवा आणि तसंच चित्रण करा. पडदा थोडा उशिराने दाखवतो, पण तोच लॅपटॉप आणि तोच फोन दर वेळी वापरला तर तो उशीर दोन नोंदींच्या वजाबाकीत निघून जातो. चाल काढायला आपल्याला दोन फरकांमधला फरकच लागतो. मधेच लॅपटॉप बदलला तर मात्र त्या दिवसापासून नवी वही.

वहीत तारीख, नोंदीची वेळ, फरक आणि खोलीचं तापमान लिहा. घड्याळ पुढे असेल तर अधिक चिन्ह, मागे असेल तर उणे. नेमकं सेकंदावर लावण्याचा अट्टहास सोडा. चावी दाबून लावा, जो फरक पडेल तो लिहा आणि मग चावीला हात लावू नका. तुमच्याच घड्याळाची काल्पनिक नोंद घेऊ. १ जूनला +०.२१, १६ जूनला +०.५४, १ जुलैला +०.८७. तीस दिवसांत ०.६६ सेकंद म्हणजे दिवसाला ०.०२२. त्याला ३६५ ने गुणलं की वर्षाला साधारण +८ सेकंद.

आता या ८ वर किती विश्वास ठेवायचा? प्रत्येक नोंदीत ०.०५ सेकंदाची चूक धरली, जी नजरेने आणि सावधपणे केलेल्या नोंदीची चांगली पातळी आहे, तर दोन नोंदी मिळून सुमारे ०.०७. ती आठ दिवसांवर पसरली तर वर्षाला तीन सेकंदांच्या वर जाते. तीस दिवसांवर पसरली तर ०.९ सेकंद. साठ दिवसांवर अर्ध्या सेकंदाच्याही आत. म्हणजे साधन साधं असलं तरी चालतं, दिवस वाढवले की काम होतं. जीपीएसचा एलईडी आणि २४० फ्रेम असतील तर नोंदीची चूक चार-पाच मिलिसेकंदांवर येते, आणि महिन्याभरात वर्षाला ०.१ सेकंदाच्या आतली चाल हाती लागते. सिटिझनच्या कॅलिबर ०१०० सारखं वर्षाला ±१ सेकंदाचं घड्याळ तपासायचं असेल तर हाच मार्ग आहे, कारण तिथे महिन्याभराची मुभा फक्त ८० मिलिसेकंदांची असते. अधल्यामधल्या नोंदी असतील तर फक्त पहिली आणि शेवटची न घेता आलेखावर सगळे बिंदू मांडून त्यातून सरळ रेषा काढावी. एखादी नोंद चुकली असेल तर ती रेषेबाहेर उभी राहते आणि लगेच ओळखू येते.

इथपर्यंत झालं मापन. पण तीस दिवसांची चाल १२ ने गुणून वर्षाचा निकाल लावणं, हा या विषयातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खोटा हिशेब आहे. याचं कारण तापमान.

साध्या क्वार्ट्झमधला स्फटिक ट्यूनिंग फोर्कच्या आकाराचा असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनाने पंधरा वेळा भागलं की सेकंदाचा एक ठोका मिळतो. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात जलद चालतो आणि तापमान त्याच्या वर गेलं किंवा खाली गेलं, दोन्हीकडे मंदावतो. किती मंदावतो? २५ पासूनच्या अंतराच्या वर्गाला सुमारे ०.०३५ ने गुणायचं, उत्तर पीपीएममध्ये येतं. दहा अंशांच्या फरकाला साडेतीन पीपीएम, दिवसाला ०.३ सेकंद. विदर्भातल्या मे महिन्यात बंद घरातल्या लोखंडी कपाटात साधं घड्याळ ३९ अंशांना पडून राहिलं तर १४ चा वर्ग १९६, गुणिले ०.०३५ म्हणजे जवळजवळ सात पीपीएम. दिवसाला ०.६ सेकंद, महिन्याला १८ सेकंद मागे. हे घड्याळ बिघडलेलं नाही, तो स्फटिकाचा स्वभाव आहे. उलट तेच घड्याळ मनगटावर असेल तर दिवसभर तिशीच्या आसपासचं बऱ्यापैकी स्थिर तापमान मिळतं. घड्याळ रोज घालणं हा सगळ्यात जुना आणि फुकटचा तापमान-नियंत्रक आहे.

उच्च अचूकतेच्या घड्याळांत याच वळणाची भरपाई केलेली असते. ग्रँड सीकोच्या ९एफ या मशीनमध्ये (मशीन म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा) तापमान दिवसाला ५४० वेळा मोजलं जातं, म्हणजे दर दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी. प्रत्येक स्फटिकाचं वळण वेगळं असतं, म्हणून चिपमध्ये त्याच स्फटिकाचा तक्ता भरलेला असतो आणि त्याप्रमाणे ठोक्यांची दुरुस्ती होते. स्फटिक आधी तीन महिने ‘मुरवून’ घेतात, कारण नवा स्फटिक सुरुवातीच्या काळात आपली वारंवारता थोडी बदलत राहतो. १९७८ च्या सुमारास सीकोने एकाच घड्याळात दोन स्फटिक घालून हे साधलं होतं. लाँजीन, ब्राइटलिंग यांच्या घड्याळांमध्ये ईटीए या स्विस कंपनीची तापमान-भरपाईची मशीन असतात. कॅलिबर ०१०० चा मार्ग वेगळा आहे. त्यात एटी-कट, म्हणजे एका ठरावीक कोनात कापलेला, स्फटिक आहे, सेकंदाला ८३,८८,६०८ कंप, म्हणजे नेहमीच्या २५६ पट. या कटावर तापमानाचा परिणाम मुळातच कमी होतो, पण सेल खूप खातो. सिटिझनने १९७५ मध्ये क्रिस्ट्रॉन मेगात ४.१९ मेगाहर्ट्झचा स्फटिक घालून वर्षाला ±३ सेकंद गाठले होते. म्हणून २०१९ च्या कॅलिबरचं खरं कौतुक मला सेलशिवाय, उजेडावर चालण्याचं वाटतं, अचूकतेचं त्यापेक्षा थोडं कमी.

भरपाई कितीही चांगली असली तरी ती पूर्ण नसते. एकच घड्याळ मेमध्ये वर्षाला +१५ च्या चालीने आणि जानेवारीत −५ च्या चालीने जाऊ शकतं, आणि वर्षाअखेरीला फरक ६-७ सेकंदांचा निघतो. असं घड्याळ ±१० च्या दाव्यात बसतं. दावा वर्षभराच्या एकूण फरकाचा आहे, एखाद्या महिन्याच्या चालीचा नाही. बारीक अक्षरात अटही असते: बहुधा मनगटावर घातलेलं आणि ५ ते ३५ अंशांत. कपाटातल्या घड्याळावर ती हमी लागू नाही, हे तक्रार करण्याआधी माहिती असलेलं बरं.

वर्षभर थांबायचं नसेल तर तीन तापमानांना चाल काढा. कॉस्क क्वार्ट्झ क्रोनोमीटर ८, २३ आणि ३८ अंशांना तपासतं, आपणही त्याच्या जवळपास जाऊ शकतो. थंडीसाठी फ्रिज (फ्रीझर नव्हे). घड्याळ हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर काचेवर पाणी धरेल. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवू नका. दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते आणि तिथलं तापमानही सतत हलतं. मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा. गरमीसाठी मला वायफाय राउटर सोयीचा वाटतो: त्याच्यावर पुठ्ठ्याचा डबा, त्यात घड्याळ आणि तापमापक. बहुतेक घरांत ३५-३८ अंश मिळतात आणि ते रात्रंदिवस टिकतात. स्पीकरच्या आसपास मात्र नको. प्रत्येक तापमानाला तीन दिवस, सुरुवातीला आणि शेवटी जीपीएसच्या एलईडीबरोबर चित्रण. यात वर्षाला अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आसपासची खात्री मिळते. तीनही ठिकाणी चाल एकमेकींच्या चार-पाच सेकंदांत असेल तर भरपाई नीट काम करतेय. खोलीत +३, फ्रिजमध्ये −३०० ते −४५० आणि राउटरवर −१०० ते −२०० च्या आसपास निघाले, तर घड्याळात भरपाई चालूच नाही असं समजा. क्वचित घडतं, पण ऑनलाइन बाजारातल्या ‘जुन्या पण उत्तम’ घड्याळांत आणि बदललेल्या मशीनमध्ये घडतं.

आता दुकानातल्या +०.०५ कडे येऊ. पहिली गोष्ट, शेवटच्या घरात एकाचा फरक म्हणजे ०.०१ सेकंद, म्हणजे वर्षाला साडेतीन सेकंद. पडद्यावरचे दोन दशांश इथे पुरतच नाहीत. दुसरी गोष्ट, त्या मशीनचाही आत एक स्फटिक असतो आणि तो एक पीपीएमने सरकलेला असेल तर प्रत्येक घड्याळ त्याला वर्षाला ३१ सेकंदांनी चुकीचं दिसेल. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे दुकानदाराला विचारून बघा. चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक मुद्दाम थोडा जलद ठेवतात आणि मग चिप ठरावीक अंतराने काही कंप गिळून टाकते. चालीची दुरुस्ती अशी होते. साध्या मशीनमध्ये हे अंतर बहुधा १० किंवा ६० सेकंदांचं असतं, तापमान-भरपाईच्या मशीनमध्ये ते कित्येक मिनिटांपर्यंत जातं. टेस्टिंग मशीन स्फटिकाचा आवाज ऐकून कंप मोजत असेल तर दुरुस्ती होण्याआधीची चाल दाखवेल. काट्याच्या मोटारीचे पल्स मोजत असेल, पण १० सेकंदच, तर दुरुस्तीचा क्षण कधी त्या १० सेकंदांत येईल, कधी येणार नाही. एकाच घड्याळाला सलग दोन वेळा वेगवेगळे आकडे आले तर हेच कारण असतं. मापनाचा कालावधी दुरुस्तीच्या अंतराच्या पटीत हवा. भरपाईच्या मशीनसाठी चांगल्या उपकरणांत ४८० किंवा ९६० सेकंदांचे पर्याय असतात. दुकानदाराने तेवढा वेळ घड्याळ लावून ठेवलं होतं का? नसेल तर ०.०५ विसरून जा. आणि ते निळं, सुटसुटीत टेस्टर, जे काट्याच्या प्रत्येक ठोक्याला ‘टिक’ करतं, त्याने चाल कळतच नाही. पल्स येतोय की नाही, एवढंच ते सांगतं. सेल बदलणाऱ्याला उपयोगी आहे, आपल्याला नाही.

एका प्रकारची चूक वहीत लगेच ओळखू येते, ती ओळखायला शिका. महिनाभर फरक +०.२, +०.३, +०.४ असा चालला आहे आणि अचानक एका दिवशी −१.५ झाला. म्हणजे घड्याळाने जवळजवळ नेमके दोन सेकंद गमावले. स्फटिक असं कधी करत नाही. हे मोटारीचं काम आहे. मोटारीला दर सेकंदाला आलटूनपालटून उलट्या दिशेचा विद्युत-पल्स मिळतो आणि प्रत्येक पल्सला रोटर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, अर्धा फेरा फिरतो. एका पल्सला रोटर अडला, तर पुढचा पल्स उलट्या दिशेचा असल्यामुळे त्याला तो आहे तिथेच धरून ठेवतो. त्यानंतरच्या पल्सला तो पुन्हा चालू लागतो. म्हणून एका चुकलेल्या ठोक्याला दोन सेकंद जातात. कारण बहुधा चुंबक: पर्सची क्लिप, मोबाइलचं कव्हर, लॅपटॉपची कडा, बायांच्या बॅगांची बटणं. चाकांमध्ये अडकलेला धुळीचा कण किंवा सुकलेलं तेलही असू शकतं. नव्या मशीन हे ओळखतात आणि काही तर काट्यांची जागाही स्वतः तपासून दुरुस्त करतात. पण तपासणीच्या काळात घड्याळ चुंबकापासून लांबच ठेवा. आणि असा दोन सेकंदांचा धक्का दिसला तर तो चालीच्या हिशेबात धरू नका, वेगळा लिहा.

घड्याळ स्वतः वेळ जुळवून घेणारं असेल तर तपासणीपुरतं ते बंद करा. ब्लूटूथवाली घड्याळं फोनशी दिवसातून अनेकदा जुळतात, मग तुम्ही फोनची वेळ तपासत असता, घड्याळाची नाही. रेडिओवाल्या घड्याळांचा हा त्रास भारतात नाही, कारण जर्मनी, जपान, ब्रिटन, अमेरिका या देशांतली दीर्घलहरी केंद्रं इथे पोहोचतच नाहीत. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहत असाल तर मात्र रात्री घड्याळ गुपचूप स्वतःला बरोबर करून घेतं आणि तुमची वही बिनकामाची होते.

लीप सेकंदाचाही, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला घड्याळांत घातलेल्या जादा सेकंदाचा, उल्लेख करतो, कारण जुन्या वह्या असलेल्यांचा तिथे गोंधळ होतो. शेवटचा लीप सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या आधी पडला. तो दिवस ओलांडून चाल काढत असाल तर एक सेकंद हिशेबात धरावा लागेल. त्यानंतर एकही पडलेला नाही. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे आणि बराच काळ बंद असलेला मोड्यूल उपग्रहांकडून ही माहिती पूर्ण घेईपर्यंत, म्हणजे साडेबारा मिनिटांपर्यंत, चुकीचा सेकंद सांगू शकतो. एलईडीच्या ठोक्याला याने काही होत नाही.

आता तुमच्या घड्याळाचं. रोज मनगटावर घाला, रात्री एकाच जागी ठेवा आणि आठवड्यातून एकदा नोंद घ्या. दोन महिन्यांनी चाल ±१० च्या आत असेल तर नोंदी पुढे चालू ठेवा, पण काळजी सोडा. ±१० ते ±२० च्या मधे असेल तर मी हिवाळ्यापर्यंत थांबेन, कारण मोजलेले दोन महिने उन्हाळ्याचे असतील तर आकडा बदलण्याची शक्यता आहे. ±२० च्या पुढे असेल तर वहीची प्रत जोडून हमीच्या काळात सर्व्हिस सेंटरला द्या. ९एफ सारख्या मशीनमध्ये चाल कमी-जास्त करायची खास सोय असते, काही मशीन संगणकाला जोडून दुरुस्त होतात. मागचं झाकण स्वतः उघडू नका. पाणी रोखणारी गॅस्केट एकदा चुकीची बसली की मग चालीच्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. ‘घड्याळ पुढे जातंय’ असं तोंडी सांगितलं तर मशीनवर लावून ‘ठीक आहे’ म्हणून परत येतं. दोन महिन्यांच्या तारखा, तापमान आणि फरक यांचा कागद समोर ठेवला की तंत्रज्ञालाही काम करायला आवडतं, कारण त्याला दिशा मिळते.

सेल बदलण्याची वेळ आली, किंवा सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागला (सेल संपत आल्याची ती खूण), तर आधी शेवटची नोंद करून घ्या आणि मगच दुकानात जा. अशा उडीतही वेळ बरोबरच राखली जाते, त्यामुळे ती नोंद वाया जात नाही. फक्त फ्रेम मोजताना उडीचा क्षण आणि काटा ज्या खुणेवर जाऊन थांबतो ती खूण, दोन्ही लिहून ठेवा.